देवीडॉक्टरची वाकडी मान

लोकांच्या दंडांवर ओरखडे काढण्याबद्दल सरकारनं मला तीस वर्षं पगार दिला आणि आता पेन्शन देतं आहे. कागदोपत्री माझा हुद्दा व्हॅक्सिनेटर. खेड्यांतली मोठी माणसं देवीडॉक्टर म्हणत. पोरं मी वेशीपाशी दिसलो की ‘टोच्या आला’ असं ओरडत कडब्याच्या गंजीमागं पळत. तिन्ही नावांत पोरांचं सगळ्यांत खरं होतं. डॉक्टर मी कधीच नव्हतो. वडील वाईत शिंपी. मी मॅट्रिक झालो, तीन महिने टोचायचं शिकलो, आणि खात्यानं हातात एक पेटी देऊन मला मेढ्याला पाठवून दिलं. वडील म्हणाले, “सुईपासून आपली सुटका नाही तर.”

ज्यांनी देवीचा रोग पाहिला नाही त्यांनी स्वतःला सुखी समजावं. आधी ताप, मग अंगभर फोड. वाचलेल्यांच्या तोंडावर जन्माचे वण राहत, काहींचे डोळे जात. एकदा रोग झाला की औषध नव्हतं. आधीच टोचून घेणं एवढाच उपाय. लस बेळगावहून यायची, केसाएवढ्या बारीक काचेच्या नळ्यांतून. उन्हानं ती मरते, म्हणून ओल्या फडक्यात गुंडाळून लहानशा मडक्यात ठेवायची आणि मडकं सायकलच्या हँडलला टांगायचं. हत्यार म्हणजे दांडीच्या टोकाला दातेरी चकती. दंडावर लसीचा थेंब ठेवायचा, चकती टेकवायची आणि फिरवायची. असं चार ठिकाणी. रक्त फार येत नाही, पण बघणाऱ्याला ते पटत नाही. आठव्या दिवशी परत जाऊन फोड उठलाय का बघायचं. उठला म्हणजे टोचणी लागली. नाही उठला म्हणजे एक तर लस मेलेली, नाही तर आयांनी माझी पाठ फिरताच दंड राखेनं घासून धुऊन काढलेला.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. एका गावात तालुक्यात नावाजलेला पैलवान चकती बघून उभ्याचा आडवा झाला. त्याला पाणी मारून उठवला तर म्हणाला, “कुस्तीत समोरचा दिसतो तरी, इथं काय कळतच न्हाई.” दुसऱ्या एका गावात लोकांनी आपापली पोरं लपवली आणि एकच धडधाकट पोरगं तीन वेगवेगळ्या नावांनी माझ्यापुढं आणलं गेलं. तिसऱ्या वेळी त्यानं आपणच दुसरा दंड पुढं केला, तेव्हा माझ्या लक्षात आलं.

माझ्या मानेचं प्रकरण दुसरी मोठी लढाई संपून थोडी वर्षं झाल्यानंतरचं. मी सत्तावीस वर्षांचा होतो आणि स्वतःबद्दल माझं फार चांगलं मत होतं. महिन्यातून एकदा आम्ही सगळे व्हॅक्सिनेटर सातारच्या कचेरीत रजिस्टरं दाखवायला जमायचो. दिवाळीनंतरच्या अशाच एका दिवशी कुणीतरी वर्तमानपत्रातली बातमी वाचून दाखवली. सांगलीतलं एक व्यायाममंडळ शिमग्याच्या आधी मॅरॅथॉन ठेवणार होतं. सव्वीस मैल आणि वर थोडं पळायचं. ते वरचं थोडं कशासाठी हे मला आजही माहीत नाही. पुढं सगळ्यांत जास्त दुखलं ते त्या थोड्यातच.

मी म्हणालो, “त्यात काय? मी रोज तीस मैल सायकल मारतो.”

हेडक्लार्क चष्म्यावरून बघत म्हणाले, “हेंद्रे, सायकल चाकांवर पळते.”

एवढंच म्हणाले, पण सगळे हसले. मी तिथल्या तिथं पोस्टकार्ड मागून घेतलं आणि नाव पाठवून दिलं. विचार करायला मला पोस्टाच्या पेटीपर्यंतचा रस्ता होता. तो मी शीळ घालत काढला.

तिथून मी उस्मानभाईंकडं गेलो. उस्मानभाई साताऱ्यात मोती चौकाजवळ सायकली दुरुस्त करायचे. लढाईत फौजेच्या वर्कशॉपात होते. माझ्या खात्याच्या सायकलीची नस अन् नस त्यांना ठाऊक. मी एका इंग्रजी मासिकात शर्यतीच्या सायकलीवर पार वाकलेल्या गोऱ्या माणसाचं चित्र पाहिलं होतं. शर्यतीत उतरणाऱ्या माणसानं तसंच दिसलं पाहिजे असं माझ्या मनानं घेतलं. माझी शर्यत पायी होती, हा मुद्दा मला तेव्हा महत्त्वाचा वाटला नाही.

“हँडल उलटं बसवा,” मी म्हणालो, “आणि सीट वर घ्या.”

उस्मानभाईंनी पाना हातात घेतला नाही. “साहेब, तुम्हाला मेढ्याचा रस्ता चढायचाय. दिवसभर असं वाकून वर बघत बसाल तर मान जाईल.”

“वारा कमी लागतो.”

“वारा लागतो म्हणून कुणी तक्रार घेऊन आलं नाही आजवर माझ्याकडं,” ते म्हणाले. पण मी ऐकत नाही म्हटल्यावर हँडल उलटं करून दिलं. निघताना म्हणाले, “सरळ करायला याल तेव्हा दुकान इथंच असेल.”

सराव मी स्वतःच आखला. पहाटे मेढ्यातून निघून चार मैल पळायचं, मग आंघोळ करून, मोडाची मटकी खाऊन, सायकलीवरून गावं करायची. पहिला आठवडा मी स्वतःवर फार खूश होतो. वाकून पेडल मारताना छातीत पंप चालल्यासारखं वाटायचं. अडचण एकच होती. धड खाली आणि रस्ता समोर, त्यामुळं डोकं वर उचलून धरावं लागायचं, कोंबडा आरवताना धरतो तसं. त्यात लसीचं मडकं नाकासमोर हिंदकळत असायचं. त्यावर एक डोळा ठेवावाच लागे.

दुसऱ्या आठवड्यात मानेच्या उजव्या बाजूला एक तार ओढल्यासारखी झाली. तिसऱ्या आठवड्यात त्या तारेची दोरी झाली. मग एका सकाळी उठलो तर डोकं डाव्या खांद्याकडं कललेलं आणि सरळ होईना. उजवीकडं बघायचं तर कमरेतून सगळं वळावं लागे. पळताना प्रत्येक पावलाला कुणीतरी मानेत खुंटी ठोकतंय असं व्हायचं. मागून बैलगाडी आली तर ती पुढं जाईपर्यंत ती कुणाची हे मला कळत नसे. दोन गावांत माणसांनी रामराम घातला तो मी पाहिलाच नाही, आणि डॉक्टरला माज आलाय अशी बोलवा झाली.

उपाय केले. मिठाची पुरचुंडी तव्यावर गरम करून शेकलं. दवाखान्यातल्या कंपाउंडरनं लाल तेल दिलं, त्याच्या वासानं कुत्री लांबून भुंकायची. मग मेढ्याच्या तालमीतल्या वस्तादानं माझं डोकं दोन्ही हातांत धरलं. “सैल सोडा,” म्हणाला. मी सैल सोडलं. काडकन आवाज आला आणि त्यानंतर चार दिवस मला डावीकडंही बघता येईना. एवढं होऊन हँडल मी सरळ केलं नाही. साताऱ्यात उस्मानभाईंसमोर जायची लाज वाटत होती.

आता जे सांगायचं आहे ते सांगायला मी आधीचं एवढं सगळं लांबवलं.

माझ्या हद्दीत डोंगराच्या पार वर एक वाडी होती. पंचवीस-तीस उंबरे. नाव सांगत नाही, तिथली माणसं अजून आहेत. खालपर्यंत सायकल आणि मग तासाभराची चढण. मार्गशीर्षात तिथली फेरी ठरलेली होती, निरोपही गेला होता. त्या दिवशी मी पायथ्यापर्यंत गेलो. सायकल झाडाला टेकवली आणि वर बघायला गेलो, तर मान वर होईना. पेटी खांद्याला लावली तशी कळ थेट डोळ्यापर्यंत गेली. मी दगडावर बसलो, मटकी खाल्ली, आणि परत फिरलो. रजिस्टरात वाडीच्या नावापुढं लिहिलं, ‘मुले गैरहजर, पुढील फेरीत.’ अक्षर माझं चांगलं आहे. महिन्याच्या तपासणीत इन्स्पेक्टरसाहेबांनी माझं रजिस्टर बाकीच्यांना नमुना म्हणून दाखवलं.

तीन आठवड्यांनी साहेबांची चिठ्ठी आली. मुंबईच्या गिरणीतून सुट्टीवर आलेला एक गडी वाडीत तापानं पडला होता, त्याला देवी निघाल्या होत्या. तो खपल्या पडून उठला होता, पण आता एका मुलीलाही आल्या होत्या. ताबडतोब जाऊन मुक्काम ठोकावा आणि सगळी वाडी टोचावी.

त्या दिवशी चढण मी कशी चढलो ते आठवत नाही. मान तशीच होती, वाकडी, मफलर गुंडाळलेली. वाडीत पोचलो तेव्हा माणसं चावडीपाशी उभी होती. एका घराच्या दाराला, आत देवी आल्यात याची खूण म्हणून, कडुनिंबाचे डहाळे बांधले होते. मी पेटी खाली ठेवली आणि बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात देवीच्या ठाण्यापासून एक म्हातारी पुढं आली. ही येसाबाई. ठाण्याची दिवाबत्ती तिच्याकडं. सगळी वाडी तिला आक्का म्हणायची. ताठ, किडकिडीत बाई, चेहऱ्यावर सुरकुत्या होत्या, पण वण एक नव्हता.

“ह्याच्या मानंकडं बघा आधी,” ती लोकांना म्हणाली. “आईच्या कामात हात घालतुया. आईनं मुरगाळलीया.”

कुणी हसलं नाही. बायकांनी पोरं पदराआड घेतली. एक दार लागलं, मग दुसरं. मी वर्षानुवर्षं खेड्यांतून समजूत घालत आलो होतो. कुठं काय बोलायचं ते मला पाठ होतं. पण मान खांद्यावर पडलेली असताना ‘देवी कोपत नाही’ हे वाक्य तोंडातून निघेना.

तेव्हा डहाळे बांधलेल्या घराचा धनी पुढं आला. नाव रामा. आजारी मुलगी त्याची, सहा वर्षांची हौसा. तो मला रागानं बोलला असता तर बरं झालं असतं. त्यानं साधंच विचारलं, “डाक्टर, मागल्या म्हयन्यात तुमी येनार व्हता न्हवं? आमी त्या दिशी पोरं गुरांमागं धाडली न्हाईत. उन्हं कलंस्तवर हितं चावडीपाशी बसलो व्हतो.”

मुले गैरहजर.

मला तिथं खोटं बोलता आलं असतं. लस आली नव्हती, साहेबांनी दुसरीकडं पाठवलं, काहीही. कोण तपासणार होतं? पण समोर तो उभा होता आणि मला मान फिरवून दुसरीकडं बघताही येत नव्हतं.

“मान दुखत होती म्हणून मी आलो नाही,” मी म्हणालो. “पायथ्यावरनं परत गेलो. ही मान देवीनं नाही मोडली. मी सायकलचं हँडल उलटं बसवून घेतलं, त्यानं मोडली.”

“उलटं कशापायी?” येसाआक्कानं विचारलं.

“शर्यतीसाठी.”

“सायकलीच्या?”

“नाही. पळायच्या. सव्वीस मैल.”

तिनं वाडीखालच्या वाटेकडं बघितलं. “मागं कोन लागलंय?”

“कुणी नाही.”

“मग सव्वीस मैल कशाला पळतुयास?”

ती लोकांकडं वळून म्हणाली, “ह्यो खुळा हाय. पर खरं बोलतुया.” एवढं म्हणून ती ठाण्याकडं निघून गेली.

रामानं आपली दुसरी दोन पोरं पुढं आणली. “ह्यांना टोचा. हौशीचं काय व्हायचं ते व्हईल.” त्या दिवशी मी पाचच टोचण्या केल्या, रामाची दोन पोरं, बायको, तो स्वतः आणि त्याचा भाऊ. बाकी वाडी दारं किलकिली करून बघत होती. मी चावडीत पथारी टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चावडीच्या पायरीवर मान चोळत बसलो होतो. बायका खालच्या झऱ्यावरनं पाणी घेऊन चढत होत्या. येसाआक्का त्यांच्यात होती, डोक्यावर तांब्याची घागर, हात मोकळे. माझ्यासमोर थांबली.

“चोळून काय व्हनार? आमा बायकांची मान कवा आखडल्याली बघितलीस?”

“नाही आक्का.”

“का न्हाई? वजं हाय म्हून. ऊठ.”

तिनं घागर उतरवली, पाऊण पाणी रांजणात ओतलं आणि चुंबळ माझ्या हातात दिली. चुंबळ म्हणजे घागरीखाली डोक्यावर ठेवायचं फडक्याचं कडं. मी सरकारी नोकर असून चावडीसमोर डोक्यावर घागर घेऊ का, हा विचार माझ्या मनात आला. पण वाडीत माझी इज्जत काल संध्याकाळीच संपली होती, त्यामुळं अडचण फारशी नव्हती. मी घागर घेतली. चार पावलं गेलो आणि ठेच लागू नये म्हणून खाली बघितलं. घागर पुढं आली आणि होतं नव्हतं ते पाणी माझ्या सदऱ्यात गेलं. दारं किलकिली होती ती आता सताड उघडली. त्या वाडीत पोरं माझ्याकडं बघून पहिल्यांदा हसली.

“पायाकडं बघू नगंस,” आक्का म्हणाली. “पाय कुठं पळून जात न्हाईत. लांब बघ. खांदं खाली टाक. हनुवटी आत घे, नव्या नवरीगत.”

नव्या नवरीसारखी हनुवटी आत घेऊन मी वाडीत आठ दिवस पाणी भरलं. सकाळी दोन खेपा, दुपारी दोन. आधी पाव घागर, मग अर्धी, पाचव्या दिवशी गळ्यापर्यंत भरलेली. पहिले दोन दिवस मान अशी ठणकली की मला वाटलं आता ही गळूनच पडणार. तिसऱ्या दिवशी दोरीची परत तार झाली. खरं कारण काय ते मला नंतर एका डॉक्टरांनी सांगितलं. सायकल सुटली हे अर्धं औषध, आणि मानेचे जे स्नायू मी ताणून ठेवले होते ते वजनाखाली सरळ राहून काम करायला शिकले हे उरलेलं अर्धं. आक्का एवढं बोलली नव्हती.

पाचव्या दिवशी सकाळी मी झऱ्यावरनं वर येत होतो. मागून कुणीतरी हाक मारली, “डाक्टर.” मी घागर धरून मान उजवीकडं फिरवली. हाक मारणारी बाई तिथंच थांबली. मलाही कळलं की काय झालं ते. दुपारपर्यंत चावडीपुढं ओळ लागली. आया पोरांना घेऊन आल्या, म्हातारे आले. एकानं मला आधी मान दोन्हीकडं फिरवून दाखवायला लावली, मग सदरा काढला. दोन दिवसांत सगळी वाडी टोचून झाली. पुढं त्या वाडीत एकालाही देवी आल्या नाहीत.

म्हणजे हौसाच्या नंतर. हौसा वाचली. पण तिचा डावा डोळा गेला. खपल्या पडल्यावर, मी टोचण्यांचे फोड बघायला परत गेलो तेव्हा, रामा तिला चावडीत घेऊन आला, तिच्या दंडाला आता टोचायची गरज उरली नव्हती, तरी. ती माझ्याकडं एका डोळ्यानं बघत होती आणि मी पेटीतल्या नळ्या मोजत होतो. मोजायचं काही कारण नव्हतं. रजिस्टरात ‘मुले गैरहजर’ खोडून मी खरं लिहिलं आणि साहेबांपुढं ठेवलं. त्यांनी मला पगारवाढ रोखल्याचा कागद दिला. माझ्या मते तो फार मऊ कागद होता. रामानं मात्र त्याबद्दल पुन्हा कधी एक अक्षर काढलं नाही. जेव्हा जेव्हा गेलो तेव्हा गुळाचा खडा आणि पाणी पुढं केलं. ते पाणी प्यायला मला नेहमी वेळ लागायचा.

सांगलीची शर्यत तोंडावर होती. मी जाणार नव्हतो. पण त्या महिन्यात सातारला गेलो तेव्हा उस्मानभाईंनी काही न विचारता हँडल सरळ करून दिलं, आणि म्हणाले, “माझी बहीण असते सांगलीत. मी येतोय बघायला. तुम्ही नाही आलात तर मी कुणाला बघू?”

शेवटचा महिनाभर मी पळालो ते आक्काच्या पद्धतीनं. नजर लांब, खांदे खाली, हनुवटी आत. डोक्यावर घागर आहे असं समजून. सायकलही तशीच ताठ बसून चालवली. वारा लागत होता, पण मला काही तो जड वाटला नाही.

शर्यतीच्या दिवशी उजाडता उजाडता सांगलीत मैदानावर आम्ही बावीस जण उभे होतो. कॉलेजातली पोरं, दोन पैलवान, कुपवाडचा एक शेतकरी, पन्नाशीचा एक पेन्शनर हवालदार आणि मी. तासगाव रस्त्यानं जायचं, तेराव्या मैलापाशी वळायचं आणि परत. कॉलेजातली पोरं अशी सुटली की मला वाटलं मागं खरंच कुणी लागलंय. मी आपला घागर सांभाळत निघालो.

दहाव्या मैलापर्यंत मी सुखी होतो. वळणावर एक पैलवान बाभळीखाली आडवा पडलेला होता, त्याला मी ‘पडून राहू नका, आखडेल’ असा सल्ला दिला. सतराव्या मैलाला माझ्या पोटऱ्यांनी मला त्याची शिक्षा दिली. एकविसाव्या मैलाला पेन्शनर हवालदार माझ्या बाजूनं गेले. चालत गेले. जाताना म्हणाले, “मान फार छान धरलीय तुम्ही.” खरंच, त्या दिवशी माझ्या अंगात दुखत नव्हती अशी एकच जागा होती, ती मान.

मी पोचलो तेव्हा बक्षिसं वाटून झाली होती आणि मांडवाचे बांबू काढत होते. उस्मानभाई एकटे खुर्चीवर बसले होते. उठले, मला खुर्ची दिली.

“कितवा?” मी विचारलं.

“बारावे. मी मोजत होतो.”

“बाविसांत बारावा वाईट नाही.”

“बारा जणच पोचले, साहेब,” ते म्हणाले, आणि माझ्या पायातले बूट सोडायला खाली बसले. मी नको म्हणालो. पण माझ्याच्यानं खाली वाकवत नव्हतं, तेव्हा मग पाय पुढं केला.

पुढच्या आठवड्यात वाडीची फेरी होती. पाय अजून नीट चालत नव्हते, एक पाय टेकून दुसरा त्याच्यापाशी आणत मी चढण चढलो. त्या वर्षी जन्मलेली दोन तान्ही टोचायची होती. ती टोचून झाल्यावर ठाण्यापाशी जाऊन बसलो. आक्का वाती वळत होती.

“झाली शर्यत?”

“झाली.”

“कितवा आलास?”

मी खरं सांगितलं. तिनं दोन वाती वळल्या.

“म्हंजे शेवटचा.”

“होय.”

“पर पोचलास.”

“पोचलो.”

सगळी वाडी टोचून झाली होती, तिला सोडून. हौसाच्या घरी ती रोज जात होती, डहाळे बदलायला, आणि तिला काही झालं नाही हे कसं ते मला आजवर कळलेलं नाही. टोचून घेशील का, असं मी तिला तेव्हा दोनदा विचारलं होतं. दोन्ही वेळा तिनं देवीकडं बोट दाखवलं होतं. ह्या खेपेला मी विचारलं नाही. पेटी बंद करायला घेतली.

“थांब,” ती म्हणाली. वाती ताटलीत ठेवल्या, हात लुगड्याला पुसले आणि चोळीची बाही वर सारली. दंड वाळक्या काटकीएवढा होता, कुठंही डाग नाही. ती ठाण्याकडं पाठ करून बसली.

“आक्का, देवीला काय सांगशील?”

“आईला सांगीन, सव्वीस मैल पळून दमल्यालं मानूस दारात आलं हुतं, त्याला तसंच कसं धाडू?” ती म्हणाली. “तू तुजं काम कर. हळू फिरव पर.”

मी हळू फिरवलं. चारही ठिकाणी. आठव्या दिवशी जाऊन बघितलं, चारही उठले होते.